डोळ्यातले पाहुणे

“उजव्या डोळ्याचा कॉर्निया गेलाय. ग्राफ्ट करावं लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी चक्क हसलो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. माझी जंतुसंसर्गाने दुधासारखी पांढरी झाली होती. पण ग्राफ्ट? नाशिककराला ग्राफ्ट म्हणजे द्राक्षाचं कलम! सासुरवाडीच्या बागेत मी शेकडो पाहिलेली.

“हे माणसाचं,” बाई म्हणाल्या. “गेलेल्या माणसाचं.”

माझं हसू तिथेच गोठलं.

दात्याचं नाव सांगत नाहीत. ऑपरेशननंतर पट्टी निघाल्यावर इंदिरानगरच्या घरी आरशात पाहिलं. डाव्या डोळ्यात मी होतो. उजव्यातून कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघत होतं. मी त्यांना ‘पाहुणे’ म्हणू लागलो. चहा पिताना विचारायचो, “पाहुणे, साखर चालते ना?”

“नाटकं पुरेत,” बायको सुनंदा म्हणायची. पण दिवा मालवल्यावर ती माझ्या उजव्या बाजूला वळायची नाही.

काही महिन्यांनी तो डोळा लाल झाला. पाणी गळू लागलं, उजेड टोचू लागला. नेमका तेव्हाच मेहुणा दत्तू आला, दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार.

“दाजी, लय भारी! छाटलेली वेल बी अशीच रडती. रडली का समजायचं, मुळं जागी हायेत. कलम लागलं तुमचं!”

“डॉक्टरांना दाखवूया का?” सुनंदाने विचारलं.

“नव्या कलमाला सारखा हात लावायचा नाय, ताई.”

मला पटलं. पाहुणे रुजले म्हणून मी शेजारी पेढे वाटले. दोन-तीन दिवसांत आरसाच धुक्यात गेला. सुनंदाने मला ओढत दवाखान्यात नेलं.

“हे रिजेक्शन,” बाई म्हणाल्या. “तुमचं शरीर ग्राफ्टला परकं समजून हाकलतंय. वेलीचं रडणं वेगळं. इथे पहिल्याच दिवशी यायचं असतं. औषध सुरू करू, पण ग्राफ्ट वाचेलच असं सांगत नाही.”

तासातासाला थेंब. मिटल्या डोळ्यांनी दवाखान्याच्या बाकावर वाट बघणं. एकच विचार पाठ सोडेना: तो माणूस एकदा मेला होता. माझ्या घरात तो दुसऱ्यांदा मरत होता आणि मी पेढे वाटत होतो.

धुकं हळूहळू विरलं. कडेला एक ढग मात्र राहिला.

तुमच्या घरी कुणाचं असं ग्राफ्ट झालं असेल, तर लाली, पाणी, धूसरपणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बागायतदाराला मागाहून सांगा.

थेंब अजून चालू आहेत. मान मागे टाकून मी म्हणतो, “पाहुणे, राहा.”

सुनंदा आता नाटकं म्हणत नाही. बाटली घेऊन माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते.