आबा सुभेदारांचा गड

आबा सुभेदारांनी मला पहिल्याच भेटीत ठार केलं.

२००१ साल होतं. परभणीकडून येऊन मी मसुऱ्याच्या बाजूला एका हायस्कुलात इतिहास शिकवायला रुजू झालो होतो. खाडी, माड, माशांचा वास, कानावर पडणारी भाषा, सगळंच नवं. पहिल्या रविवारी करमेना म्हणून एकटाच भरतगड चढून गेलो. दरवाजापाशी वाट एकदम वळली, आणि डोक्यावरून आवाज आला, "थांबा. तुमी मेलात."

वर पाहिलं. बनियन आणि खाकी अर्धी चड्डी घातलेला, पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा तटावर पाय सोडून उकडलेले शेंगदाणे खात बसला होता.

"सरळ चलत इलात. डाव्या बुरजावरसून एक गोळी, उजव्या बुरजावरसून दुसरी. पाठी जावा, आणि जिवंत येवन दाखवा."

का कोण जाणे, मी मुकाट्याने मागे गेलो. या खेपेला भिंतीला चिकटून आलो. "जंगीतसून मेलात," वरून निकाल आला. जंगी म्हणजे तटातलं बंदुकीचं तिरकं भोक. ते माझ्या खांद्याजवळच होतं आणि मला दिसलंही नव्हतं. धावत आलो, तर वळणावर वेग कमी झाला तिथे मेलो. अखेर दमून पायरीवर बसलो, तेव्हा ते खाली उतरले आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आता तुमका कळला, दरवाजो असो आत कित्याक लपवलेलो आसा."

किल्ल्यांवर मी बी.ए.ला पानंच्या पानं लिहिली होती. पण दरवाजा दोन बुरजांच्या कुशीत का दडवतात, हे मला त्या दिवशी कळलं, तेही तीन ठिकाणी मरून.

आबा सैन्यात, तोफखान्यात सुभेदार होते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की लहानपणी ज्या गडावर करवंदं खाल्ली तो कुणीतरी फार विचार करून बांधला आहे. मग रोज सकाळी गडावर जायचं आणि येईल त्याला मारायचं, हा त्यांचा परिपाठ झाला. तालुक्याचे साहेब मेले, मुंबईहून आलेले चाकरमानी मेले, नवी लग्न झालेली जोडपी हातात हात घालून मेली. पोस्टमन तर दरवाजात पोचला की स्वतःच "मेलंय, आबा" असं सांगून पुढे जायचा. "गडाक बघू नुको," आबा मुलांना सांगायचे, "गड तुका खंयसून बघता तां बघ."

मी माझा नववीचा वर्ग त्यांच्या हवाली केला. खंदक शिकवायचा तर ते मुलांना खंदकात उतरवायचे आणि शिडी न वापरता वर या म्हणायचे. तट जांभ्या चिऱ्याचा का, हे विचारलं की काळा दगड आणि चिरा शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवर हातोडा घालायचे. काळ्याच्या कपच्या उडायच्या, चिऱ्यात नुसता खड्डा पडायचा. "ह्यो आपल्या मानसासारखो," ते म्हणायचे. "लागला तरी फुटना नाय." मुलं घरी जाताना लाल धुळीने माखलेली असायची, आणि आयांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या.

नदीच्या पलीकडच्या टेकडीवर दुसरा गड आहे, भगवंतगड. अलीकडचा वाडीकर संस्थानिकांनी बांधलेला, पलीकडचा त्यांच्या शत्रूंचा, बावडेकरांचा. मध्ये गड नावाचीच नदी, आणि दोघांची नजर त्याच पाण्यावर. आबांची बायको, सुलोचनाकाकी, त्या पलीकडच्या काठावरची. आबा तिला शत्रुपक्ष म्हणायचे.

दर बुधवारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. ताटात बांगड्याचं तिखलं पडलं की लढाई सुरू.

"आमचो गड पयलो," आबा म्हणायचे.

"म्हणानच तुमच्या चुको बघून आमच्यांनी मगे बांदलो," काकी भात वाढता वाढता म्हणायची.

"इतक्या शाण्या मानसांनी आपल्या पोटचा चेडू ह्या बाजूक कशाक दिल्यानी?"

"हेर म्हणान धाडल्यानी माका. अजून खबर काडतंय."

ह्यावर आबा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा, आणि शत्रुपक्ष त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा. दूरच्या गावात एकट्या राहणाऱ्या माणसाला असं घर मिळालं म्हणजे काय मिळालं, ते ज्याचं त्याला कळतं. गावाकडे बदली मागण्याचा माझा विचार याच ताटांवर विरत गेला.

मग तर बंद झाली. तर म्हणजे दोन्ही काठांमध्ये जाणारी होडी. एका पावसाळ्यात पुराने अलीकडचा उतरायचा धक्का वाहून गेला. तो कुणी बांधायचा यावरून दोन्ही काठांवरच्या माणसांत बोलाचाली झाली, बोलाचालीत जुनी उणीदुणी निघाली, आणि होडी माडाखाली उलटी पडली. पलीकडची मुलं आमच्या शाळेत यायची. ती आता लांबच्या रस्त्याने दोन एसट्या बदलून येऊ लागली. हळूहळू मुली यायच्या थांबल्या. माझ्या दहावीच्या वर्गातले पुढचे दोन बाक रिकामे झाले. काकीची आई पलीकडे, ऐंशीच्या पुढची. तिला भेटायला काकीला अख्खा दिवस मोडावा लागे. बुधवारच्या जेवणातली लढाईही थंडावली.

आबा दोन्हीकडच्या बैठकांना गेले. "इंग्रज इले तेवा काय झाला?" ते सांगायचे. "हे दोन गड एकमेकांवर डोळे वटारून बसलेले. तिसरो इलो, आणि एकामागसून एक दोनय घेवन गेलो." लोक माना डोलवायचे आणि म्हणायचे, "खरां आसा आबा, पण पयले त्येंनी येवक होया."

एका बुधवारी आबा ताटावरून अर्धवट उठले. "चुकलो मी," म्हणाले. "समेटाक बोलावलंय तर कोण येवचो नाय. लढाईक बोलावलंय तर सगळे येतले."

दुसऱ्या दिवशी पलीकडे निरोप गेला: येत्या रविवारी, भरतीला, हिंमत असेल तर गड घेऊन दाखवा. दारूगोळा म्हणजे गुलालाच्या पुड्या. ज्याला गुलाल लागला तो मेला; मेलेल्याने आंब्याखाली बसून कोकम सरबत प्यायचं. हा निरोप नाकारणं पलीकडच्यांच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. गुरुवारीच उलट निरोप आला: गडावर जेवण तयार ठेवा, आम्ही गड घेऊन जेवणार.

शनिवारी सकाळी काकी पिशवी भरून निघाली. "मी माझ्या बाजूक चललंय," ती आबांना म्हणाली. आबा म्हणाले, "फितुरी," आणि तिला एसटीपर्यंत सोडून आले.

रविवारी आमच्या काठावरचं सगळं गाव गडावर लोटलं. आबांनी जुना गणवेश चढवला होता. पोटावरची बटणं लागत नव्हती म्हणून वरून कोट. नववीची मुलं जंग्यांना चिकटली होती. पाणी चढलं, आणि नदीच्या वळणावरून होड्या आल्या, ढोल वाजवत. पहिल्या होडीत काकी उभी होती, आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर पदर घेतलेली, तिची आई.

पलीकडची मुलं चिखलातून उतरून टेकडी चढू लागली. आमच्या मुलांनी आबांनी शिकवलेलं सगळं वापरलं. वळणावर, भिंतीच्या कडेला, जिथे मी मेलो होतो तिथे त्यांची माणसं धडाधड मरत होती आणि हसत आंब्याखाली जात होती. पलीकडचे सरपंच मेले, त्यांच्या मागून आमचेच मुख्याध्यापक चुकून मेले. लढाई आम्ही जिंकलीच होती.

तेवढ्यात चार तरुणांनी ती खुर्ची उचलून दरवाजासमोर आणून ठेवली. गुलाल घेतलेले हात थांबले. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

म्हातारीने कपाळावर हात धरून वर बघितलं. "जावयबापू," ती म्हणाली, "माका उनात किती येळ बसवतलास?"

आबा तटावर उभे होते. मग ते खाली आले, दाराला आडवा बांधलेला बांबू त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला, आणि सासूच्या पाया पडले.

"आबा फितूर झाले," वरून आमची मुलं ओरडली.

"तोफखान्यात माका सगळां शिकवल्यानी," आबा मागे न बघता म्हणाले. "सासूक मारूक शिकवक नाय."

त्या दिवशी दोन्ही काठांची माणसं एका पंगतीला बसली. कोणाचा चेहरा कोणता ते गुलालामुळे कळत नव्हतं, त्यामुळे वाढणाऱ्यालाही आपपरभाव करता आला नाही. जेवणं झाल्यावर, धक्क्यावरून एकमेकांकडे पाठ फिरवलेले दोन काठांवरचे दोघं म्हातारीला होडीत कसं बसवायचं यावर बोलत होते, आणि बोलता बोलता धक्का कुठे हवा, तेही ठरलं. पुढच्या पंधरवड्यात दोन्हीकडच्यांनी मिळून चिरे रचले. धक्का झाला, होडी पाण्यात उतरली, आणि त्या सोमवारी माझे पुढचे दोन बाक भरले. मी त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही; हजेरी दोनदा घेतली एवढं आठवतं.

२००९ मध्ये माझी बदली दोडामार्गला झाली. आबा स्टँडवर आले होते. थकले होते, काठी आली होती. मी पाया पडलो तर म्हणाले, "नव्या गावात गेलास की आदी पाणी खंय आसा तां विचार. मगे बाकीचा."

मला वाटलं, गड बांधणाऱ्याची ही जुनी शिकवण असेल. आधी विहीर, मग तट. नव्या जागी पोचलो तेव्हा नळ कोरडा होता. शेजारचं दार वाजवलं आणि पाणी कुठे मिळेल विचारलं. त्या घरातल्या बाईंनी हंडा भरून आणून दिला, चहाला बसवलं, रात्रीचं जेवणही तिकडेच झालं. त्यांच्या घरातलं कार्य आज माझ्याशिवाय होत नाही.

त्याच रात्री मी आबांना फोन करून सांगितलं, पाणी मिळालं. पलीकडून ते बराच वेळ हसत होते.

"घरात विहीर आसली असती," आबा म्हणाले, "तर कोणाच्या दारात गेलो असतंस?"

पुढच्या वर्षी, आंब्याच्या दिवसांत, आबा गेले. पलीकडच्या काठावरची माणसं आधी पोचली.