मागं मागं लावलेला बगीचा

माझी मोठी बहीण मोहाडी तालुक्यातल्या एका गावात धानाची शेती करते. गावात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायकांच्या टोळीत पहिली ओळ तिची असते. गेल्या उन्हाळ्यात ती आठवडी बाजारात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा बोटाला टेकत नव्हता. रोवणा महिन्यावर आला होता. मी तिला भंडाऱ्याला आमच्या घरी आणलं.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला आणि चिमटीनं लहान वस्तू उचलायला सांगितलं होतं. चेंडू तिनं दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर ठेवला.

"मी का लेकरू आहो, बॉल खेळाले?"

मग माझ्या मुलीनं तिच्याजवळचा खेळ काढला. त्यात पुठ्ठ्याचे चौकोन होते. कुणावर फुलांचा वाफा, कुणावर पायवाट. एकेक चौकोन आळीपाळीनं उचलायचा आणि आपल्या बागेला जोडायचा. वाफा चारी बाजूंनी पायवाटेनं बंद झाला की पॉइंट. एक नियम मुलीनं स्वतःचा घातला. डाव्या हातानं लावलेल्या चौकोनाला पॉइंट नाही.

"हे तं बेइमानी होय," बहीण म्हणाली आणि खेळायला बसली.

सुरुवातीला चौकोन चिमटीतून सुटायचे. ती ते टेबलाच्या कडेपर्यंत ओढायची आणि तिथून उचलायची. पण लावायची मात्र सगळ्यात लांबच्या टोकापासून. एक ओळ पूर्ण झाली की तिच्या अलीकडे दुसरी, अशी स्वतःकडे सरकत.

"मावशी, अशी उलटी काहून लावून राहिली?"

"उलटी नाही वं. रोवणा असाच असते. मागं मागं सरकत याचं. नाही तं लावलेल्यावर पाय देशीन का?"

"पण तुझा एकही वाफा बंद नाही झाला. ढोरं शिरतील."

"शिरू दे. माह्या ओळी पाह्य किती सरळ हायेत!"

ती रोज हरत होती. तिसऱ्या आठवड्यात चौकोन कडेला ओढणं बंद झालं. हे तिच्या आधी मुलीच्या लक्षात आलं. तिनं मला फक्त डोळ्यानं दाखवलं.

पुढच्या आठवड्यात टोळीतल्या बाईचा फोन आला. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरलं होतं. कधी येतेस, असं तिनं विचारलं.

"अंगठ्याले विचारून सांगतो," बहीण म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं चौकोनांची चळत डाव्या हातात घेतली. रोवताना पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी धरतात तशी. उजव्या अंगठ्यानं एकेक चौकोन सोडवत ती लावत सुटली. नजर चळतीकडे नव्हती, ओळीकडे होती.

"मावशी, माझा नंबर आहे!"

"थांब वं, पेंडी संपू दे."

एकही चौकोन पडला नाही. त्या दिवशी पॉइंट मोजले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गावी गेली.

चार दिवसांनी तिनं फोन केला. पोरीला दे म्हणाली.

"मावशी, किती झालं?"

"दीड बांधी. सारं उजव्या हातानं लावलं. धर पॉइंट."