नातवंड न मागणारी सासू

दमलेल्या माणसाच्या हातात मूल द्यायचं नाही, हा आईंचा नियम होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बोळिंजला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. तिथे येणारी मुलं त्यांना मावशी म्हणत आणि मुलांचे आईबापही मावशीच म्हणत. संध्याकाळी ऑफिसातून परतलेली माणसं खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता दारातूनच मुलाला हाक मारायची. आई शांतपणे म्हणायच्या, "आधी बसा. पाणी प्या. मूल कुठे पळून जात नाही." त्यांच्या मदतीला अर्नाळ्याची जनाबाई होती. ती पेला पुढे करून म्हणायची, "पानी घ्या, मंग पोर घ्या."

एकदा एक नवे वडील यावर चिडले. "मावशी, मूल माझं आहे. मला उशीर होतोय." आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचंच आहे, म्हणून तर सांगते. दिवसभर कुणाकुणाचं ऐकून आलात. आता त्याने चप्पल घालायला वेळ लावला, की ते सगळं त्याच्यावर निघेल." ते गृहस्थ मुकाट्याने बसले. पुढे त्यांना त्या खुर्चीची इतकी सवय झाली, की कधीकधी आईच म्हणायच्या, "अहो, आता उठा. पोरगं दारात उभं आहे."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. माझं माहेर साताऱ्याचं. निखिल एकुलता एक, सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. जिचा सगळा दिवस लोकांच्या मुलांत जातो, ती बाई वर्षभरात स्वतःचं नातवंड मागणार, याची मला खात्रीच होती. मी मनात उत्तरंही तयार करून ठेवली होती. निखिलची नोकरी नवी आहे, माझी परीक्षा आहे, पुढच्या वर्षी बघू. एकही उत्तर वापरायची वेळ आली नाही. विचारायचे ते दुसरेच. लिफ्टमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, हळदीकुंकवाला. एका संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी माझी ओटी भरताना म्हटलं, "पुढच्या वर्षी मांडीवर घेऊनच या." मी काही बोलायच्या आत आईंनी त्यांच्या हातात तिळगूळ ठेवला आणि गावाकडच्या विहिरीचा विषय काढला.

तीन वर्षांनी मीच त्यांना विचारलं, तुम्ही कधी काही विचारत कशा नाही. त्या दुपारी मुलं झोपली होती आणि आम्ही दोघी दुपट्यांच्या घड्या करत होतो. त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं ना, म्हणून." संगमेश्वराजवळच्या एका वाडीत एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं आणि पुढच्या वैशाखात निखिल मांडीवर होता. "मूल हवं की नको, असा काही प्रश्न असतो, हेच मला ठाऊक नव्हतं. निखिल झाला, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. मी त्याच्याकडे बघायची आणि मनात यायचं, हा पाहुणा परत कधी जाणार?"

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसल्या. "नंतर जीव जडला गं. असा जडला की आजही तो घरी येईपर्यंत मला चैन पडत नाही. पण ते नंतर. त्या पहिल्या चार-सहा महिन्यांत मी फार एकटी होते, आणि ते बोलायची चोरी होती." मग घडी पूर्ण करत म्हणाल्या, "निखिलला माहीत आहे हे. मीच सांगितलंय. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला हे दिवस न विचारता यायला नकोत."

मूल नको म्हणणाऱ्यांची त्यांना चीड नव्हती आणि कौतुकही नव्हतं. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त झालेले. रोज सकाळी फिरून आले की आईंच्या दारात उभे राहून देशाची काळजी करायचे. "मावशी, तुमचा धंदा बसणार बघा. आजकालच्या पोरींना मूल नको, करिअर पाहिजे." आईंनी त्यांना सांगितलं, "भाऊ, आठ दिवस संध्याकाळी इथे येऊन बसा. दार तुम्ही उघडा. आत येणारीचा चेहरा बघा, मग मला सांगा." सेक्रेटरी खरोखरच दोन संध्याकाळी येऊन बसले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या मजल्यावर शलाका आणि अमित राहायचे. सहा वर्षं झाली होती लग्नाला. शलाका सगळ्यांना सांगायची, आम्हाला मूल नकोच आहे, आम्ही असेच मजेत आहोत. सुट्टीच्या दिवशी मात्र काहीतरी निमित्त काढून पाळणाघरात यायची. एकदा ती एका लहानगीला मऊ भात भरवत होती, तेव्हा आईंनी तिला सहज विचारलं, "शलाका, तुला नकोय, की भीती वाटते?" शलाकाच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग ती बोलायला लागली. तिची आई नव्हती. सासू गावी अंथरुणाला खिळलेली. ऑफिसात तिच्या बरोबरीची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, तर तिचं काम दुसऱ्याला दिलेलं. "मावशी, मी घरी बसले तर वेडी होईन. आणि नाही बसले तर त्याला बघणार कोण?"

"मी बघेन," आई म्हणाल्या. "भीतीवर इलाज आहे. मन नसेल तर त्यावर इलाज करायचा नसतो."

वर्षापेक्षा लहान मूल त्या घेत नसत. शलाकाची मुलगी त्यांनी चौथ्या महिन्यात घेतली. पहिले पंधरा दिवस शलाका दर तासाला फोन करायची आणि आई दर वेळी फोन बाळाच्या कानाशी धरायच्या.

हे सगळं मी पाहत होते, आणि माझ्या मनावरचं ओझं वाढत होतं. कारण शलाकासारखं माझं नव्हतं. मूल बघायला माझ्याकडे माणूस होतं, तेही असं. घर होतं, निखिल सगळ्या कामांना हात लावणारा होता. मला कशाचीही भीती वाटत नव्हती. मला आतून मूल हवंसं वाटत नव्हतं, एवढंच. वाटेल, वाटेल म्हणून मी सात वर्षं वाट पाहिली. निखिलचंही तसंच होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना हे पुष्कळदा सांगितलं होतं. आईंना सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं. उद्या त्यांनीही "मी बघेन" म्हटलं, तर मी काय उत्तर देणार होते?

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. त्या भेंडी चिरत होत्या. निखिल म्हणाला, "आई, आम्ही ठरवलंय. आम्हाला मूल नकोय." त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीन भेंड्या चिरून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "भीती आहे का काही?"

"नाही."

"मग मनातूनच नाही?"

"नाही, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस थांबून पुन्हा एकदा सांग मला. बदललं तर लाजू नकोस, नाही बदललं तरी लाजू नकोस."

आठ दिवसांनी मी तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. त्यांना काही वाटलंच नाही, असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला. ती माझी चूक होती.

महिन्याभराने रजेच्या दिवशी मी खाली गेले, तर शलाकाच्या मुलीच्या डोक्यावर एक कुंची होती. जुन्या हिरव्या खणाची, काठाला बारीक मोत्यांची झालर. तो खण मी ओळखला. आईंच्या लग्नातल्या शालूबरोबर आलेला, त्यांनी मला एकदा पेटीतून काढून दाखवलेला. कुंची एका दिवसात शिवलेली नव्हती. झालरीचा दोरा काही ठिकाणी पिवळा पडला होता. म्हणजे ती कित्येक वर्षं शिवून तयार होती.

"आई, ही आमच्यासाठी शिवली होती ना?"

"हो."

"मग हिला दिलीत?"

"पेटीत ठेवून कसर लागली असती." त्या बाळाच्या हनुवटीखाली बंद बांधत होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "तुम्हाला खूप वाईट वाटलं का?"

त्या माझ्याकडे वळल्या. "वाटलं. खोटं कशाला बोलू? आठ दिवस नीट जेवण गेलं नाही. पण मला वाईट वाटतं म्हणून तू मूल जन्माला घालायचं, हे काही बरोबर नाही. माझं दुःख मी सांभाळीन. तेवढी मोठी आहे मी."

माझ्यावर इतका विश्वास माझ्या आईनेही कधी टाकला नव्हता. आमचा निर्णय कळल्यावर तिने दोन वर्षं माझ्याशी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलणं केलं.

मालूआत्या म्हणजे आईंची नणंद. त्यांच्या नातवाचं बारसं आगाशीला होतं. हॉल भरलेला. पाळण्याभोवती बायका जमल्या आणि कुणीतरी मलाही पुढे बोलावलं. मी दोरीला हात लावणार, तेवढ्यात मालूआत्या म्हणाल्या, "तू राहू दे गं. पहिल्या वेळी लेकुरवाळीचा हात लागलेला बरा." आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मी हात मागे घेतला. आई पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. दोरी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती हळूच सोडली.

"मालूताई, मी रोज अठरा पोरं झोपवते. हिचा हात चालत नसेल, तर माझाही राहू दे," असं म्हणून त्या माझ्याशेजारी येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. मला तिथून निघून जायचं होतं. मी तसं त्यांच्या कानात म्हटलं. त्या म्हणाल्या, "जेवून जायचं. बाळाने काय केलंय आपलं?" आम्ही पंगतीत बसलो. त्यांनी जिलबी मागून घेतली आणि निघताना बाळाच्या हातात चांदीचा खुळखुळा दिला. मालूआत्यांनी त्यानंतर बोलणं सोडलं. आई मात्र दर दिवाळीला त्यांना फोन करायच्या. पलीकडून कुणी नीट बोलत नसे, तरी तब्येत विचारूनच ठेवायच्या.

पुढे मुलं खरंच कमी झाली. अठराची अकरा झाली, मग सहा. इमारतीत नवी जोडपी येत होती, पण बहुतेक घरांत मूल नव्हतं, किंवा एकच आणि तेही शाळेत जाणारं. शेवटच्या वर्षी चार मुलं होती आणि आईंचे गुडघे साथ देईनासे झाले होते. त्यांनी चारही मुलांना दुसरं चांगलं पाळणाघर शोधून दिलं, चटया जनाबाईला दिल्या आणि पाळणाघर बंद केलं. त्या दिवशी त्यांनी खाली जाऊन रिकामी खोली स्वतः पुसली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "आज मला एकटीला करू दे."

मागच्या वर्षी त्यांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. वसईच्या एका हॉस्पिटलात त्या तीन आठवडे होत्या. मी रजा काढून त्यांच्याजवळ होते. शेजारच्या खाटेवर भुईगावच्या एक आजी होत्या, केळीची वाडी असलेल्या, गळ्यात क्रूस. त्यांना भेटायला रोज नातवंडांची रांग लागायची. एक दिवस त्यांनी आईंना विचारलं, "तुम्हाला किती नातवंडं?"

"एकही नाही," आई म्हणाल्या.

त्या आजी हळहळल्या. "मग पुढे या पोरीचं कोण करणार?"

आईंनी पांघरूण नीट केलं. मग म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. कुणाचं कोण करतं, ते कुठे ठाऊक असतं? माझं ती करते आहे, एवढं मला दिसतंय."

घरी आणल्यावर मी त्यांना गरम पाण्याने अंग पुसून द्यायची. एका सकाळी पाठ पुसताना, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता म्हणूनच बहुधा, मी विचारलं, "आई, माझं चुकलं असेल तर?" मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. त्या आजींचा प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता.

"असेलही," त्या म्हणाल्या. "मूल झालं असतं तरी कधीतरी हा प्रश्न तुला पडलाच असता. फक्त तो मोठ्याने विचारता आला नसता. मला नाही आला." मग म्हणाल्या, "तू विचारतेस. मी ऐकते आहे. मग कशाला घाबरतेस?"

कार्तिकात एका सकाळी त्या गेल्या. निखिल आणि मी, दोघं जवळ होतो. मालूआत्या दहाव्याला आल्या. बराच वेळ माझा हात हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी दिवाळीला फोन करायची." मी म्हटलं, "हो, आत्या. माझ्यासमोरच करायच्या."

शलाकाची मुलगी आता दुसरीत आहे. कधी दुपारी आमच्याकडे अभ्यासाला येते, माझ्या खांद्यावर डोकं टाकून मोबाईल बघत बसते. अशा वेळी माझ्या मनात काहीतरी हलतं. पूर्वी मी ते झटकून टाकलं असतं. आता तसं करत नाही. वाईट वाटतं, ते वाटू देते. मग ती उठून घरी जाते, मी दार लावते, आणि स्वतःला विचारते, बदललंय का काही. अजून तरी उत्तर तेच आहे.