पाण्याआधीचा ओटीपी

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं होतं, सोलरमध्ये साइटवर उभी राहीन, पॅनल कुठे आणि किती तिरपं बसवायचं ते ठरवीन. वर्ध्याच्या एका कंपनीने घेतलंही. "सहा महिने फोनवर बसा, मग साइट देऊ," म्हणाले. दोन वर्षं झाली, कानाला हेडफोन तसाच. मुलींना शेतात कोण पाठवतं म्हणे. जशी काही मी शेतात जन्मली-वाढलीच नाही. सोडायची म्हटली तर जिल्ह्यात दुसरी नोकरी कोणी माझ्यासाठी राखून ठेवली आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

काम सांगते. शेतकऱ्याचा सोलर पंप बंद पडला की तो आमच्याकडे तक्रार नोंदवतो. मेकॅनिक जाऊन पंप दुरुस्त करतो, मग शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो त्याने सांगितला की तक्रार बंद. हा झाला कागदावरचा कायदा. मेकॅनिक तालुक्याला एक, पार्ट वेळेवर येत नाहीत, आणि तक्रारी जुन्या झाल्या की वरून ओरडा. मग साहेब आम्हालाच सांगतात, दुरुस्तीआधीच ओटीपी पाठवा आणि गोड बोलून काढून घ्या. मी काढते. लाज वाटते, तरी काढते.

या उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या ओटीपी काढायच्या यादीत देवळीकडचं आमचंच शेत निघालं. बाबांचा पंप आठ दिवसांपासून बंद होता, एकरभर वांगी माना टाकून उभी. रोज घरून निघताना मी सांगायची, पार्ट येऊन राह्यला. साहेबांना म्हटलं, सर, एवढी एक तक्रार राहू द्या, ते माझे वडील आहेत. ते म्हणाले, "घरचंच आहे? मग तर सोपं झालं. संध्याकाळपर्यंत यादी रिकामी नसेल तर उद्यापासून येऊ नका."

फोन ऑफिसच्याच लाइनवरून करावा लागतो. केला. आमची ती पाठ केलेली शुद्ध मराठी लावली, मुद्दामच. म्हटलं, ओळखू नये. "नमस्कार, आपल्या मोबाइलवर चार आकडी ओटीपी आला आहे, तो सांगता का?"

"नाई सांगत," बाबा म्हणाले. "पंप सुरू नाई झाला अजून. अन् माह्यी पोरगी तुमच्याच हापिसात हाये, बाई. तिनंच सांगतलं मले, पानी आल्याशिवाय हा नंबर कोनालेच देऊ नोका."

खरंच सांगितलं होतं मी. म्हटलं, "बाबा, मीच बोलून राह्यली."

बाबांनी एवढंच विचारलं,

"तुह्यी नौकरी जाते काय?"

"हो."

"थांब, चष्मा घेतो."

त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. मी टाइप केला. तक्रार बंद झाली आणि मेकॅनिकच्या यादीतून आमचं शेत गेलं. नवी तक्रार टाकायची म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि वांगी काही रांगेत थांबत नाहीत. हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं.

"मंग आता येते ना दुरुस्तीवाला?" त्यांनी विचारलं.

"उद्या येते, बाबा," मी म्हटलं.