बिनखिळे मिस्तरींची कोठी

बिनखिळे मिस्तरींना खिळा दाखवला की ते अंग चोरून दोन पावलं मागे सरत. सुतारकामात उभा जन्म काढलेल्या माणसाला खिळ्याची शिसारी असावी, हे बाहेरगावच्यांना खरं वाटत नसे. खाच पाडायची, त्यात दुसऱ्या लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, बसवायचं आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची, एवढ्यावर ते सगळं उभं करीत. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते रेशनकार्डाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. "खिया म्हंजे घाई," ते म्हणत. "ज्याले घाई हाय, त्यानं लोखंडाकडे जावं."

लोखंडाकडे गेलेला त्यांच्या घरातच होता. त्यांचा मुलगा संजय याचं दर्यापूरला वेल्डिंगचं दुकान. आदल्या वर्षी मिस्तरी शिडीवरून पडले, तेव्हापासून संजयनं त्यांच्यामागे काम सोडण्याचा लकडा लावला होता. त्यात माझ्या बाबांनी कपाशी सोडून मका पेरला आणि कणसं ठेवायची कोठी मिस्तरींनाच बांधायला सांगितली. टिनाच्या शेडमध्ये कणसं घामेजतात, त्यांना वारा लागतो. मिस्तरींच्या आजोबांनी मेळघाटात तशा कोठ्या बांधल्या होत्या: सागाचे उंच पाय, वर सागाचाच सांगाडा आणि बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती. संजय कसाबसा कबूल झाला, पण त्यानं अट घातली. कोठी कुठं जराशी जरी करकरली, तर बापानं लाकूड तासायचा वाकस त्याच्या दुकानात टांगायचा आणि पुन्हा हातात धरायचा नाही. मिस्तरी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून दुप्पट हट्टी झाले.

परतवाड्याहून साग आला. खांब जमिनीत गाडायला मिस्तरींनी साफ नकार दिला. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि गाडलेल्या खांबाला वाकडं करते. म्हणून कोठी नुसती दगडांवर ठेवायची. तयार झाली तेव्हा ती एका हातानं हलत होती, आणि ते बघून बाबांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. मिस्तरींनी त्यांना समजावलं, "उपाशी हाय तवर ढिलीच रायते. पोट भरलं का आवयते."

पण कोठीची परीक्षा मक्यानं घ्यायला ते तयार नव्हते. मका बोलत नाही, काही करकरलं तर माणूस सांगतो तरी, असं त्यांचं म्हणणं. मग मक्याच्या वजनाइतकी माणसं आत बसवायची ठरली. मिस्तरी वही घेऊन दारोदार गेले आणि नळावरच्या बायांनासुद्धा सरळ वजन विचारून आले. आधी लोक चिडले. मग फक्त वजनदार माणसांनाच बोलावणं आहे हे कळल्यावर न बोलावलेले चिडले. आमचे काटकुळे मुख्याध्यापक तर पिशवीत दोन विटा घालून हजर झाले आणि त्यांना घ्यावंच लागलं. मी तेव्हा नुकतीच बीएड होऊन घरी आले होते. मिस्तरींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू राहू दे, पोरी. तू म्हंजे कनसावरचं नुसतं पान." मला खरंच रडू आलं. माझ्या बापाच्या कोठीत अख्खं गाव बसणार आणि मी बाहेर चहाची किटली घेऊन उभी राहणार.

वजन सारखं म्हणून दोन सख्ख्या भावांना त्यांनी समोरासमोरचे कोपरे दिले. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे दोघंही छताकडे बघत बसले. दार बाहेरून एका खुंटीनं बंद झालं. मिस्तरी एकेका खांबाला कान लावत कोठीभोवती फिरले. कोठीनं हूं की चूं केलं नाही. आता हातानं ढकलली तरी ती जागची हलेना, आणि बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग मिस्तरी खुंटी काढायला गेले, तर ती निघेना. वजनानं तळ दबला होता आणि दाराची चौकट आवळली होती, अगदी त्यांनी सांगितली होती तशीच. कोठी भरलेली असेपर्यंत दार उघडणार नव्हतं, आणि दार उघडल्याशिवाय कोठी रिकामी होणार नव्हती. मक्याची ही अडचण नसते. कणसं काढायला तळाशी वीतभर झरोका होता, कोठी रोज थोडी थोडी हलकी होत जाते. पण मुख्याध्यापकसुद्धा त्या झरोक्यातून निघण्यातले नव्हते. मी झरोक्यातून चहा दिला, मग पोहे दिले. पोहे देताना बाबांनी हळूच सांगितलं की आता खायला देऊ नकोस, वजन वाढतंय.

संजय ग्राइंडर घेऊन आला. कोठीभोवती एक फेरी मारून तो थांबला, कारण कापायला लोखंडच नव्हतं. मग त्यानं करवत उचलली. मिस्तरी खांबाला पाठ लावून उभे राहिले. 

"कापू नको," ते म्हणाले. "चूक माही हाय, कोठीची नाई."

त्यांनी आवळलेल्या चौकटीवरून हात फिरवला आणि वर तुळयांकडे पाहिलं. मग त्यांनी आत हुकूम सोडला की सगळ्यांनी वरच्या तुळयांना लटकायचं, तळावर पाय टेकायचा नाही, म्हणजे भार खांबांवर जाईल आणि दबलेला तळ वर येईल. गुरुजींनी विटांची पिशवी गळ्यात अडकवायची. गावातली सगळी भारदस्त मंडळी एकदम लटकली. धाकट्या भावाचा हात पोचेना, तेव्हा तो कोपरा सोडून धावला आणि लटकलेल्या थोरल्याच्या कमरेला बिलगला. "सोडू नको," थोरला म्हणाला. नऊ वर्षांनंतरचं ते पहिलं बोलणं. तेवढ्यात मिस्तरींनी खुंटी उपसली.

सगळे बाहेर पडल्यावर संजयनं बापासारखाच खांबाला कान लावला. "करकरली नाई," एवढंच म्हणून त्यानं वाकस बापाच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन घराकडे निघाला. मिस्तरी अखेरच्या महिन्यापर्यंत काम करत होते. ते गेले त्या दिवशी मी अमरावतीला क्लासमध्ये शिकवत होते, मला वेळेवर पोचता आलं नाही. ते अजून सलतं.

यंदा बाबांना दुसरी कोठी हवी होती, तिचं काम संजयनं घेतलं. मी रविवारी गावी गेले तेव्हा सांगाडा उभा होता. पाय लोखंडी पाइपांचे, पण दार सागाचं आणि त्याला लाकडी खुंटी. झरोका या वेळी माणूस निघेल एवढा मोठा होता. संजयनं खिशातून वही काढली आणि जमिनीकडे बघत विचारलं, "ताई, राग नोका मानू. वजन किती तुमचं?"

सवयीनं पासष्ट तोंडात आलं होतं. ते मी गिळलं. "चौऱ्याहत्तर," मी सांगितलं.

त्यानं माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि मला कोपरा दिला.