एरंडेलचा कान

भावजी चहाला खोलीबाहेर आले की त्यांच्या तोंडाकडे बघून मी सांगू शकते, आज काय ऐकून आलेत. नाक मुरडलेलं असलं तर कुणीतरी मुलगी कानाशी कुजबुजली आहे. एक डोळा बारीक झाला असला तर ते कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं, ज्यात आता काहीतरी होणार, आता होणार असं वाटत राहतं आणि शेवटी काहीच होत नाही. आणि कपाला हात न लावता नुसते खिडकीबाहेर बघत बसले, तर समजायचं की युकुलेले, म्हणजे ती खेळण्याएवढी गिटार, होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत राहतात आणि दर आठवड्याला वर्तमानपत्रात नव्या गाण्यांवर लिहितात. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांवर नव्हे. लोक घरच्या घरी पलंगावर बसून स्वतःच लिहितात, स्वतःच गातात आणि स्वतःच जगावर सोडतात, त्या गाण्यांवर. त्याला इंडी पॉप म्हणतात. दुसरं इलेक्ट्रॉनिक, त्याला गाणारा लागतच नाही. भावजींच्या मते पहिल्यात गाणं नसतं आणि दुसऱ्यात माणूस नसतो. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे एरंडेल म्हणतात. भावजींना ते ठाऊक आहे. सकाळसंध्याकाळ एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून जिना चढणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

लिहितातही तसंच. एका गाणाऱ्या मुलीबद्दल लिहिलं होतं, ‘ही पांघरूण डोक्यावरून घेऊन गाते. आई बाहेरून ओरडत असावी, झोप आता.’ एका जोडगोळीच्या इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल, ‘वॉशिंग मशीनमध्ये बूट टाकला तर एवढाच ठेका मिळतो, शिवाय बूट स्वच्छ होतो.’ एका कविमनाच्या पोराने आपल्या छताच्या पंख्यावर गाणं केलं होतं. त्यावर भावजींनी एकच ओळ लिहिली, ‘पंख्याची बाजू ऐकायला आवडेल.’

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असते. टॉवेल दिव्याखाली पसरायचा, सुटलेला धागा, डाग, विरलेली कड शोधायची आणि पास की नापास ते ठरवायचं. म्हणजे एका घरात नापास करणारे दोघे. आमचे हे म्हणतात, तुमच्या दोघांच्या तावडीतून मी पास झालो कसा, तेच कळत नाही. पण माझ्या टेबलावर निदान बरेचसे टॉवेल पास होतात. भावजींनी कित्येक वर्षांत काही पास केलं नव्हतं.

आधी ते असे नव्हते. एखादं गाणं आवडलं की दार उघडून मला हाक मारायचे, माझे हात साबणाने भरलेले असले तरी. ‘वहिनी, ही जागा ऐका, ही!’ म्हणून परत परत लावायचे. हळूहळू हाका बंद झाल्या. मग दार बंद राहायला लागलं. आवाज मात्र वाढत गेला. किळस यायची मला त्या आवाजाच्या धबधब्याची आणि त्याहून जास्त त्यांच्या तोंडाची. घरात शिळं काहीतरी कायमचं उघडं पडल्यासारखं वाटायचं. त्यात भावजींना फ्रिजचं दार लोटायची सवय नाही. दार उघडं राहिलं की आमचा फ्रिज बारीक आवाजात केकाटतो. भावजी त्याच्या शेजारी उभे राहून शांतपणे पाणी पीत असतात आणि मी बाहेरून ओरडत असते, ‘भावजी, दार!’ मी समजायचे, मुद्दाम करतात.

तळमजल्यावर एक नर्स राहते. सगळे तिला सिस्टरच म्हणतात. कधी सकाळची ड्यूटी, कधी दुपारची, आणि सुट्टीच्या दिवशी जुना कीबोर्ड आणि लॅपटॉप मांडून ती आपली गाणी बनवते. गेल्या वर्षभरात तिने एक गाणं पूर्ण केलं. स्वयंपाकघरातले काचेचे ग्लास ओळीने मांडले, कमीजास्त पाणी भरलं आणि चमच्याने हलके वाजवून त्यांचे आवाज घेतले. सगळी चाल त्या ग्लासांची. खाली एक जाड सूर घुमत राहतो आणि तिचा स्वतःचा श्वास. बस, एवढंच गाणं.

ते तिने भावजींना द्यायचं ठरवलं तेव्हा मी तिला म्हटलं, ‘अगं, सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस? ओळख बघून सोडणारा माणूस नाही तो.’

‘म्हणूनच देतेय ताई,’ ती म्हणाली. ‘वॉर्डातल्या सगळ्या छान म्हणाल्या. भाऊ छान म्हणाला. छान छान ऐकून माझे कान किटलेत. काकांना सांगा, जसं असेल तसं लिहा.’

भावजी ते ऐकत होते तेव्हा मी चहा घेऊन आत गेले. खोलीभर ग्लास किणकिणत होते. इतकं नाजूक की ट्रे हलू नये म्हणून मी दारातच थांबले. भावजी हाताची घडी घालून, खुर्चीत मागे रेलून, तेच तोंड करून बसले होते.

‘काय हो, कसं आहे?’ मी विचारलं.

‘सुरू झालं की सांगतो,’ ते म्हणाले.

मला वाटलं, विनोद केला. मी हसलेसुद्धा.

छापून आलं ते असं: ‘पाच मिनिटं एक बाई श्वास घेते. मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू आहे. चाल घालायची राहून गेली असावी. श्वास घेणं ही कला असेल तर आमची अख्खी इमारत कलावंत आहे.’

कारखान्यात चहाच्या सुट्टीत भावजींचं लिखाण मी मोठ्याने वाचते आणि बाया पोट धरून हसतात. त्या दिवशी वाचता वाचता मी ‘चाल घालायची राहून गेली’पाशी अडकले. कारण ती चाल तेव्हा माझ्या तोंडात होती. टॉवेल उलटता पालटता मी तीच गुणगुणत होते आणि शेजारच्या टेबलावरचीने मला दोनदा विचारलंही होतं, कसलं गाणं गं हे?

आमच्याकडे एक पद्धत आहे. एकामागून एक तुकडे नापास व्हायला लागले की हात थांबवायचा आणि आधी डोक्यावरचा दिवा बघायचा. दिवा मंदावला की चांगल्या टॉवेलवरही सावल्या डागांसारख्या दिसतात. सुपरवायझर हे इतक्या वेळा सांगतो की त्याचा वीट येतो. पण त्या दुपारी मी दिव्याकडे बघत बसले ते बसलेच. मला केकाटणारा फ्रिज आठवला, आणि त्याच्या शेजारी शांतपणे पाणी पिणारे भावजी.

घरी आले तर सिस्टर जिन्याशी उभी होती. डोळे सुजलेले.

‘गाणं काढून टाकलं मी इंटरनेटवरून,’ ती म्हणाली. ‘कीबोर्डही विकतेय. वॉर्डबॉयच्या मेहुण्याला हवाय, पगार झाला की नेईल.’

‘एवढं मनावर घ्यायचं?’

‘वाईट म्हणाले असते तर चाललं असतं ताई. त्यासाठीच दिलं होतं. पण त्यांनी ऐकलंच नाही. अर्ध्यात बंद करून लिहिलं असणार. पाच मिनिटं बसून ऐकावं एवढीसुद्धा माझी लायकी नाही का?’

मी तशीच वर आले, चपला काढल्या आणि थेट मागच्या खोलीत गेले.

‘भावजी, ते गाणं लावा.’

‘कोणतं? त्या पंपाचं? संपादकांचा पण फोन होता. वाचक विचारतायत म्हणे, घंटांबद्दल का लिहिलं नाही. कसल्या घंटा? सगळे मिळून माझी टिंगल करतायत.’

‘लावा म्हणते ना.’

त्यांनी लावलं. मी बोट वर केलं. ‘आता वाजतंय. आता थांबलं. आता परत, एकदम दोन.’ भावजी माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघत होते. मग मी ती चाल गाऊन दाखवली. माझा गळा काही गाण्याचा नाही, पण चाल चुकले नाही.

‘फाईल बदलली असेल तिने,’ ते म्हणाले. ‘मला पाठवली ती वेगळी असणार.’

‘फाईल तीच आहे. तुमच्याच मशीनवर आहे.’

त्यांच्या कॉम्प्युटरवर आवाजाच्या उभ्या पट्ट्या नाचतात. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक, असं त्यांनीच मला एकदा कौतुकाने समजावलं होतं. भावजींची नजर आपसूक तिकडे गेली. उजवीकडच्या पट्ट्या उसळत होत्या. मी बोट वर केलं की उसळायच्या, खाली केलं की बसायच्या. त्यांनी आवाज वाढवला. खिडकीचं तावदान थरथरायला लागलं. त्यांनी कान स्पीकरला लावला आणि डोळे त्या पट्ट्यांवर ठेवले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला तिथे उभं राहवेना.

‘शी!’ एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले ते मला कळलं.

कानाच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. बारीक आवाज कधीचेच गेले होते, हळूहळू, त्यांच्या नकळत. दोन्ही कानांना यंत्रं आली. संपादकांना भावजींनी स्वतः फोन करून सांगितलं आणि पुढच्या लेखात सरळ छापलं की मागच्या गाण्याबद्दल लिहिणाऱ्याला ते गाणं ऐकू आलेलं नाही. वाचकांना तो विनोद वाटला. भरपूर हसले म्हणे.

मला वाटलं होतं, आता तोंड सरळ होईल. कसलं काय! यंत्रं लावून त्यांनी जुनी गाणी पुन्हा ऐकायला घेतली आणि पहिल्याच दिवशी चहाला आले ते पूर्वीपेक्षा वाकडं तोंड घेऊन.

‘वहिनी, मला वाटायचं ही पोरगी पांघरुणात गाते. नाही हो. चांगली बाहेर बसून गाते आणि दर ओळीनंतर ओठ चाटते. मला प्रत्येक चाटणं ऐकू येतं. आणि तो बुटाचा ठेका! त्याच्यावर हे लोक साप सोडल्यासारखं काहीतरी फुसफुसत ठेवतात. आधी नुसतं वाईट होतं, आता बारकाव्यांसकट वाईट आहे.’ मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, ‘दोनतीन चांगली होती. त्यांना मी मातीत घातलं. त्यातल्या एकाने नंतर काही केलेलं दिसत नाही.’

‘आणि सिस्टरचं?’

‘ते नाही लावलं.’

‘का?’

‘भीती वाटते.’

भावजींच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, ‘पगार झालाय. कीबोर्ड जाईल आज उद्या. उठा.’

सिस्टर नुकतीच ड्यूटीवरून आलेली. कीबोर्ड चादरीत गुंडाळून दाराशी उभा केलेला. तिने भावजींकडे बघितलं, मग त्यांच्या कानांकडे. पेशंटकडे बघतात तशी नजर होती ती.

‘मला ऐकू येत नव्हतं,’ भावजी दारातूनच म्हणाले. ‘गाणं मी पूर्ण ऐकलं होतं. दोनदा. पण ग्लास मला ऐकू आलेच नाहीत. तुझी चूक नव्हती. लाव परत.’

‘ते काढून टाकलंय काका.’

‘पुसलं तर नाहीस ना?’

तिने लॅपटॉप पलंगावर ठेवला, उघडला आणि गाणं लावलं.

मी गाण्याकडे लक्ष देत नव्हते, मी भावजींच्या तोंडाकडे बघत होते. पहिला ग्लास वाजला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ओठ किंचित सुटले. कित्येक वर्षांपूर्वी माझे साबणाचे हात धरून ‘ही जागा ऐका’ म्हणणारा माणूस मला क्षणभर दिसला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांचं नाक हळूहळू वर चढायला लागलं. नको, मी मनात म्हटलं, आज नको. गाणं संपलं. सिस्टर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

‘तिसरा ग्लास बेसूर आहे,’ भावजी म्हणाले.

तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. हात धरून त्यांना बाहेर काढणार होते मी.

‘तडकलेला होता तो,’ सिस्टर हळूच म्हणाली. ‘मला माहीत होतं. म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार आहे?’

‘मग दिलंस कशाला तसं? घाण वाटतं ना ऐकताना. चांगल्या ताटात खडा.’

‘हो ना,’ ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण तोंड हसत होतं. ‘एवढ्या जणांनी ऐकलं काका. तिसऱ्या ग्लासाबद्दल कुणी एका शब्दाने बोललं नाही.’

‘आणि तो श्वास अर्धा कर. आम्हाला माहितीय तू जिवंत आहेस.’

तिने नाक पुसलं, उठली आणि दाराशी जाऊन कीबोर्डची चादर सोडायला लागली. गाठ पक्की मारलेली होती, म्हणून भावजी वाकले आणि त्यांनी दातांनी ती सोडवली. शी शी करत.

‘ताई,’ सिस्टर मला म्हणाली, ‘तुमच्याकडे पातळ काचेचे ग्लास आहेत का?’

पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले होते. मी वर जाऊन खोक्यासकट घेऊन आले. भावजी जिन्याच्या पायरीवर बसले, एकेक ग्लास कानाशी धरून त्यावर नख मारायचे आणि तोंड वाकडं करून बाजूला ठेवायचे. माझे चांगले महागाचे ग्लास एकामागून एक नापास होत होते. शेवटचा त्यांनी दोनदा वाजवला. मग डोळे मिटून आणखी एकदा वाजवला आणि सिस्टरच्या हातात दिला.