कोन बाहेर आला

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही गिचमिड आहे... माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. भूत, आत्मा असलं मी कधी मानलं नाही. म्हणूनच हे कुणाला सांगितलं नाही, लिहून ठेवते आहे.

आम्ही वणीजवळच्या राजूरचे. आमचे हे दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होते, पण गाडीतली गाण्याची पेटी त्यांची स्वतःची. तिच्यासाठी वणीच्या दुकानातून वूफर, म्हणजे मोठा स्पीकर, अन् आवाज वाढवणारा अॅम्प उधारीवर आणले. अंगणात जोडायला बसले तेव्हा म्हणाले, "लग्नात गुण पाह्यतात ना, तसे या दोघायचे ओहम पाहा लागते. नाही जुळले त अॅम्प तापून बंद पडते, तुह्यासारखं!"

"मी कायले तापू?"

"हे पाय, तापली!"

वायर उलटी तर लागली नाही, हे ते सेलनं तपासायचे. मी वूफरच्या कोनवर, म्हणजे मधल्या कागदी पडद्यावर, तळहात ठेवायचा, त्यांनी वायरीच्या टोकांना सेल टेकवायचा. कोननं हात ढकलला की मी ओरडायचं — "बाहेर!" एरवी माझा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नाही. तो ऐकायलाच की काय, एकदा तपासलेलं ते पुन्हा पुन्हा तपासायचे.

दिवाळीनंतर ते छातीत दुखून गेले. गाडीवाल्यानं पेटी अन् अॅम्प काढून घरी पाठवले.

एका दुपारी दुकानदार आला. "वहिनी, पैसे तुमच्यानं होत नाही. सामान द्या, हिशोब मिटला."

मी मान डोलावली. त्यानं अॅम्प पिशवीत टाकला, पेटीची वायर गुंडाळायला घेतली. शेवटचं म्हणून मी कोनवर हात ठेवला... अन् कोननं तळहात ढकलला. हळूच. अगदी तसाच.

"बाहेर!" तोंडातून निघून गेलं.

दुकानदार दचकला. "काय झालं, वहिनी?"

वायरीची दोन्ही टोकं त्याच्या मुठीत होती, मोकळी. घरात तेव्हा एकही सेल नव्हता.

"पेटी राहू द्या, भाऊ. पैसे मी देईन."

"अन् अॅम्प?"

"तोही. त्यायनं जुळवला होता."

मग कापूस वेचायला जाऊ लागले. दर बाजाराला थोडे थोडे पैसे देत गेले. रोज संध्याकाळी कोनवर हात ठेवते. पुन्हा कधी हलला नाही. कसा हलला होता, मला आजही सांगता येत नाही... पण हात ठेवायचा राहत नाही.

काल दुकानदार म्हणाला, "एवढे दिले का सारं तुमचं, वहिनी. सेल देऊ का एखादा? लावून पाहा."

"नको," म्हटलं, अन् राहिलेल्या नोटा त्याच्या हातात ठेवल्या. उधारी पूर्ण फिटली.